मदत हवी आहे: दख्खनच्या राज्यांना बोनस द्यायचे तर कशाच्या जोरावर?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. युरोपा युनिव्हर्सालिस 4 या देश चालवण्याच्या संगणक खेळासाठी दख्खनवर एक छोटा मॉड (खेळात आपण केलेला बदल) करतोय आणि एका जागी पार अडकलोय.

खेळ 1444 ला सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा बहमनी राज्य. पण कुठला देश कशात तरबेज होणार हे नॅशनल आयडियाजमध्ये, म्हणजे त्या देशाच्या ठरलेल्या बोनसच्या यादीत, आधीच लिहून ठेवलेलं असतं. प्रशिया हे जर्मन राज्य स्थापन केलं की सैन्याला शिस्तीचा बोनस मिळतो, मग तुमच्या खेळात त्या सैन्याने काहीही केलेलं असो. पुढच्या शतकांत घडलेलं आधीच देशाच्या रक्तात होतं, असं मानल्यासारखं झालं हे. मला पटत नाही.

मागे विजापूरला मुलूखमैदान तोफ पाहायला गेलो होतो. ती ओतली 1549 मध्ये अहमदनगरला, निजामशाहीत. ओतणारा रूमी, म्हणजे तुर्कस्तानाकडचा. आज ती आहे आदिलशाहीच्या बुरुजावर. तोफखान्याचा बोनस मग कुणाला? आमचा भुईकोट किल्लासुद्धा चांदबीबीच्या लग्नात आंदण म्हणून आदिलशाहीकडे गेला.

गनिमी काव्याचं तर सगळ्यात अवघड. मराठ्यांना तो जन्मजात दिला की मलिक अंबर पुसला जातो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हा माणूस मराठा सरदारांना घेऊन निजामशाहीसाठी मोगलांशी तसाच लढत होता. 1624 ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने होते. म्हणजे कला माणसांबरोबर फिरली, राज्यं मागे पडली.

सगळे बोनस काढूनही पाहिले. पण मग अहमदनगर काय नि गोवळकोंडा काय, खेळायला एकच. मजाच गेली. यातून मार्ग सांगाल का? कोडिंग मला बेताचंच येतं.

प्रतिसाद 1
दादा, दोन गोष्टी वेगळ्या करा. गोवळकोंड्याचे हिरे जमिनीत आहेत, तो बोनस प्रांताला द्या. राज्य कुणाचंही येवो, तो तिथेच राहील. लढण्याची रीत मात्र इव्हेंटमधून द्या, म्हणजे अट पुरी झाली की खेळात घडणाऱ्या प्रसंगातून. देशाला बोनस (मॉडिफायर) जोडणारी अ‍ॅड कंट्री मॉडिफायर ही आज्ञा वापरा, ड्युरेशन उणे 1 ठेवली की तो कायमचा राहतो. अट अशी घाला: आपल्याहून बलाढ्य शेजाऱ्याशी युद्ध चालू आणि तिजोरी रिकामी. मग ज्याच्यावर ती वेळ येईल तो शिकेल.

खुद्द खेळातही असा बदल झालाय. आधी भारतीय टेक ग्रुपला, म्हणजे तंत्रज्ञानासाठी केलेल्या देशांच्या गटाला, तंत्रज्ञान महाग पडायचं, का तर तो भारतीय म्हणून! 2016 मध्ये त्याजागी इन्स्टिट्यूशन्स (छापखान्यासारख्या नव्या गोष्टी) आल्या, त्या प्रांताप्रांतातून पसरतात. त्यांची वर्षं मात्र अजून बांधलेलीच, छापखाना 1550 च्या आधी येत नाही.

धागाकर्ता
मनापासून आभार! प्रांताचं डोक्यातच आलं नव्हतं. आता एकच शंका: निजामशाही बुडाली आणि तिचे सरदार दुसऱ्या राज्यात गेले, तर तो मॉडिफायर त्यांच्याबरोबर नव्या राज्याला कसा द्यायचा? मला नेमकं तेच दाखवायचंय. कुणी असा इव्हेंट लिहिला असेल तर कोड इथे टाका, आज रात्रीच लावून बघतो.