विमानाच्या इंजिनाला जाळी का नसते?

डोंबिवलीकर: टेकऑफला पक्षी इंजिनात शिरतात, मग पुढे जाळी का बसवत नाहीत? टेबलफॅनलासुद्धा असते की!

निवृत्त मेकॅनिक: जाळीने हवा अडते, थंडीत तिच्यावर बर्फ धरतं. आणि त्या वेगात मोठा पक्षी आदळला तर जाळीचे तुकडेही त्याच्यासोबत आत! पक्षी शिरला की आम्ही बोरस्कोप (आत डोकावायचा नळीसारखा कॅमेरा) घालून ब्लेड तपासायचो. बहुतेकदा पिसं, रक्ताचे डाग आणि जळका वास, बस्स. एखादी चिमणी इंजिन सहज पचवतं. खरी पंचाईत थव्याची. १५ जानेवारी २००९ला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाहून उडालेल्या ए३२० विमानाच्या दोन्ही इंजिनांत कॅनडा गूज (मोठे रानटी हंस) शिरले. कॅप्टन सलनबर्गरनी विमान हडसन नदीत उतरवलं, १५५च्या १५५ जण वाचले.

डोंबिवलीकर: पण पक्षी दिसल्यावर ब्रेक का मारत नाहीत?

निवृत्त मेकॅनिक: व्ही-वन वेग (टेकऑफ रद्द करायची शेवटची मर्यादा) ओलांडला की उरलेली धावपट्टी थांबायला पुरेलच असं नाही. उडायचं, एका इंजिनावर फिरून परत यायचं. तेवढी ताकद असते, घाबरू नका.

घारवेडी: पक्ष्यांना कशाला दोष? विमानतळापासून १० किमीच्या आत उघड्यावर कचरा टाकायला, जनावरं कापायला आपल्याकडे नियमाने बंदी आहे. पाळतं कोण? घारी येणारच.

निवृत्त मेकॅनिक: ताई, शंभर टक्के.