मदत हवी आहे : क्लॅश रॉयलमध्ये शेवटच्या मिनिटाला सामना हातातून जातो, आखाजीच्या स्पर्धेचे नियमही ठरवायचे आहेत

तापीकाठ_रावेर :

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी रावेर तालुक्यातील एका गावात राहतो. येत्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमच्या गल्लीतील मंडळ क्लॅश रॉयल या मोबाइलवरील पत्त्यांच्या खेळाची छोटीशी स्पर्धा ठेवणार आहे. तिचे नियम लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि मी स्वतःही तीत खेळणार आहे. म्हणून प्रश्न दोन प्रकारचे आहेत, डावपेचांचे आणि नियमांचे. दोन्ही एकाच धाग्यात विचारतो, कारण माझ्या मते नियम नीट कळल्याशिवाय डावपेच ठरवता येत नाहीत.

प्रथम माझा डेक, म्हणजे सामन्यासाठी निवडलेले आठ पत्ते, सांगतो. कंसातील आकडा तो पत्ता टाकायला लागणाऱ्या एलिक्झरचा, म्हणजे सामन्यात आपोआप भरत राहणाऱ्या शक्तीचा आहे. जायंट (५), विच (५), मिनी पेक्का (४), मस्केटियर (४), फायरबॉल (४), ॲरोज (३), मिनियन्स (३) आणि स्केलेटन आर्मी (३). सरासरी खर्च ३.९ एलिक्झर येतो. रोजच्या सामन्यांत या डेकने मी हॉग माउंटन या टप्प्यापर्यंत आलो आहे आणि तिथपर्यंत फारशी अडचण जाणवली नाही. अडचण आहे ती भुसावळच्या माझ्या मामेभावाची. तो हॉग रायडर, मस्केटियर, फायरबॉल, कॅनन, आइस गोलेम, लॉग, आइस स्पिरिट आणि स्केलेटन्स असा २.६ सरासरीचा प्रसिद्ध डेक खेळतो, आणि स्पर्धेत त्याच्याशी गाठ पडणार हे जवळजवळ नक्की आहे.

त्याच्याविरुद्धचे सामने बहुतेक वेळा एकाच पद्धतीने जातात. पहिल्या दोन मिनिटांत जायंटच्या मागे मस्केटियर किंवा विच लावून मी त्याचा एक टॉवर पाडतो (प्रत्येकाकडे मध्ये एक किंग टॉवर आणि दोन बाजूंना दोन प्रिन्सेस टॉवर असतात). त्यानंतर मी दुसऱ्या टॉवरकडे वळतो, तेवढ्यात एलिक्झर दुप्पट वेगाने येऊ लागते आणि त्याचा हॉग इतक्या वारंवार मधल्या नदीवरच्या पुलावर येतो की माझा मिनी पेक्का हातात फिरून येण्याआधीच पुढचा हॉग टॉवरला भिडलेला असतो. बरोबरी होते, सामना जादा वेळेत जातो आणि तिथे मी हरतो. यावर माझे प्रश्न असे आहेत : एक टॉवर पाडल्यानंतर हल्ला चालू ठेवावा की केवळ बचाव करावा? जायंट किंग टॉवरच्या मागून सोडावा की थेट पुलावर? आणि डेक पूर्णपणे बदलण्याची गरज आहे का?

आता नियमांविषयी. मंडळातील काही ज्येष्ठांचे मत असे आहे की तीन मिनिटे संपल्यावर बरोबरी असेल तर नाणेफेक करावी. मला हे पटत नाही, परंतु जादा वेळ आणि टायब्रेकर नेमका कसा चालतो हे त्यांना समजेल अशा शब्दांत मला सांगता आलेले नाही. खेळाडूंच्या पत्त्यांचे स्तर सारखे नाहीत, त्याचे काय करावे? सामना चालू असताना नेटवर्क गेले तर निकाल कोणाच्या बाजूने द्यावा? शेवटचा प्रश्न नाजूक आहे. प्रवेशशुल्क घेऊन विजेत्याला रोख बक्षीस द्यावे, असे काही मुलांचे म्हणणे आहे. आखाजीला आपल्याकडे पत्त्यांचे डाव कसे रंगतात हे खानदेशातील वाचकांना सांगायला नको. त्यामुळे आमच्या स्पर्धेकडेही कोणी त्याच नजरेने पाहू नये, अशी ज्येष्ठांची काळजी आहे आणि ती मला रास्त वाटते.

---

सुरपाणी_धुळे :

दादा, तुमचा प्रश्न व्यवस्थित मांडलेला असल्यामुळे उत्तरही आकड्यांनीच देते.

साध्या वेळेत एक एलिक्झर तयार होण्यास २.८ सेकंद लागतात आणि शेवटच्या मिनिटात १.४ सेकंद. याचा अर्थ पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येकाला सुमारे ४३ एलिक्झर मिळते आणि शेवटच्या एका मिनिटातही तेवढेच मिळते. निम्मा सामना त्या एका मिनिटात असतो. तुम्ही ज्याला शेवट समजून खेळता तो प्रत्यक्षात मध्यंतरानंतरचा पूर्ण डाव आहे.

आता सायकल पाहा. एकदा टाकलेला पत्ता पुन्हा हातात येण्यासाठी मध्ये इतर चार पत्ते टाकावे लागतात. तुमच्या मामेभावाचे सर्वांत स्वस्त चार पत्ते म्हणजे आइस स्पिरिट १, स्केलेटन्स १, लॉग २ आणि आइस गोलेम २, असे एकूण ६. त्यात पुढच्या हॉगचे ४ मिळवले की १०. म्हणजे साध्या वेळेत दर २८ सेकंदांनी आणि दुप्पट वेळेत दर १४ सेकंदांनी त्याला हॉग परवडतो. तुमचे स्वस्त चार पत्ते ३, ३, ३ आणि ४, म्हणजे १३ चे. त्यात जायंटचे ५ मिळवले की १८. त्याला साध्या वेळेत सुमारे ५० सेकंद लागतात आणि दुप्पट वेळेत २५. प्रत्यक्ष सामन्यात कोणालाच नेहमी सर्वांत स्वस्त पत्ते टाकता येत नाहीत हे खरे, पण प्रमाण हेच राहते. तुमच्या एका जायंटमागे त्याचे जवळजवळ दोन हॉग येणार, हे गृहीत धरूनच बसले पाहिजे.

मिनी पेक्का केवळ हॉगसाठी राखून ठेवा. चार एलिक्झरला चार, असा बरोबरीचा व्यवहार होतो आणि हॉग मारून उरलेला मिनी पेक्का पुढे चालू लागतो, तो तुमचा नफा. स्केलेटन आर्मीने हॉग अडवण्याचा मोह टाळा, कारण त्याच्याकडे लॉग आहे. तुमचे तीन त्याच्या दोनांत जातात आणि हॉग टॉवरवर पोहोचतो तो वेगळाच.

डेक पूर्ण बदलू नका, एक पत्ता बदला. विच काढून कॅनन घ्या, सरासरी ३.६ वर येईल. हॉग फक्त इमारतींवरच हल्ला करतो, म्हणून कॅनन किंग टॉवरच्या समोर, नदीपासून थोडा मागे आणि दोन्ही बाजूंच्या मधोमध ठेवला तर हॉग मध्ये ओढला जातो आणि दोन्ही प्रिन्सेस टॉवर त्याच्यावर मारा करतात. मिनी पेक्का हातात नसेल तेव्हा हा कॅनन तुम्हाला सांभाळून नेईल. तुमचा जायंटही इमारतींच्याच मागे जातो, त्यामुळे समोरचा कॅनन त्याला नेमक्या याच रीतीने मधल्या भागात ओढत असणार. तो कॅनन नुकताच पडून संपला असेल तीच जायंटसाठी योग्य वेळ.

जायंट कोठून सोडावा याचे उत्तर समोरच्याच्या एलिक्झरवर अवलंबून आहे. त्याच्याकडे दहा साठलेले असताना तुम्ही पाच एलिक्झरचा संथ जायंट मागे ठेवला तर तो दुसऱ्या बाजूने लगेच हॉग सोडणार आणि तुमच्या हातात बचावापुरतेही उरणार नाही. त्याने हॉग आणि आणखी काही खर्च केल्याचे दिसले, की मग जायंट किंग टॉवरच्या मागून सोडा. तो पुलापर्यंत येईतो मस्केटियरचे एलिक्झर जमते. मस्केटियर जायंटपासून थोडी मागे राहू द्या. तिच्याशेजारी मिनियन्स चिकटून उडत असतील तर एकच फायरबॉल दोघांनाही लागतो.

मात्र दहाच्या पुढे एलिक्झर साठत नाही. योग्य संधीची वाट पाहत दहावर बसून राहणे म्हणजे टाकी भरून वाहू लागल्यावरही मोटार चालू ठेवण्यासारखे आहे. अशा वेळी मिनियन्ससारखा एखादा स्वस्त पत्ता मागे टाकून मोकळे व्हावे.

---

जळगावकर_७ :

ताईंनी डावपेच सांगितले आहेत, म्हणून मी मुख्यतः नियमांवर लिहितो.

नाणेफेकीची गरज नाही, हे ज्येष्ठांना पुढीलप्रमाणे सांगावे. तीन मिनिटांच्या शेवटी ज्याचे क्राउन (पाडलेल्या टॉवरचे गुण) जास्त, तो जिंकला. किंग टॉवर पाडला तर त्याच क्षणी तीन क्राउन मिळून सामना संपतो. क्राउन समान असतील तर दोन मिनिटांचा जादा वेळ मिळतो. त्यात जो पहिला टॉवर पाडेल तो विजेता, आणि त्यातील शेवटच्या मिनिटात एलिक्झर तिप्पट वेगाने येते. तरीही निकाल लागला नाही तर दोन्हीकडील सर्व टॉवरांची शक्ती एकसारख्या गतीने घटवली जाते आणि ज्याचा टॉवर आधी कोसळतो तो हरतो. थोडक्यात, ज्याच्या बाजूला सर्वांत कमी शक्ती उरलेला टॉवर आहे त्याचा पराभव. येथे टक्केवारी पाहिली जात नाही, प्रत्यक्ष उरलेला आकडा पाहिला जातो, त्यामुळे टॉवरचा स्तर कमी असलेल्या खेळाडूचे मुळातच नुकसान असते. आकडा अगदी समान निघून सामना अनिर्णित राहणे फार क्वचित घडते. तसे झाल्यास सामना पुन्हा खेळवावा, एवढे एक वाक्य नियमांत पुरेसे आहे.

स्तरांचा प्रश्न मात्र गंभीर आहे. समान स्तरावर एका फटक्यात मरणारा सैनिक एका स्तराच्या फरकाने किंचित जिवानिशी वाचतो आणि तेवढ्याने संपूर्ण हिशेब बिघडतो. सर्वांना एकाच क्लॅनमध्ये (खेळातील गटात) घेऊन मैत्रीपूर्ण सामने लावावेत. त्यांत ट्रॉफी (क्रमवारीचे गुण) जात नाहीत आणि क्लॅनमधील इतरांना सामना थेट पाहता येतो, म्हणजे पंचाचीही सोय होते. त्याआधी प्रत्येकाचे पत्ते तपासून, सर्वांकडे सारख्या स्तरावर आहेत अशाच पत्त्यांची एक यादी करावी आणि डेक त्या यादीतूनच बांधण्याची अट घालावी. इव्होल्यूशन आणि चॅम्पियन हे विशेष प्रकारचे पत्ते वगळले तर नव्या खेळाडूंवर अन्याय होणार नाही. प्रत्येक फेरी तीनपैकी दोन विजयांची ठेवावी आणि फेरी संपेपर्यंत डेक बदलता येणार नाही असे आधीच जाहीर करावे. नाही तर पहिला सामना हरल्यावर प्रत्येक जण समोरच्याचा तोड घेऊन येईल.

नेटवर्क गेले म्हणून खेळ थांबत नाही. टॉवर आपापला मारा करत राहतात आणि खेळाडू परत जोडला गेला तर तेथूनच पुढे खेळू शकतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात, एकही टॉवर पडण्यापूर्वी संपर्क तुटला तर पंचाने सामना रद्द करून नव्याने लावावा. त्यानंतर तुटल्यास पडद्यावरचा निकाल अंतिम मानावा. आखाजीच्या दिवसांत आपल्याकडचे दुपारचे ऊन लक्षात घेता सामने सायंकाळीच ठेवा, कारण तापलेला मोबाइल अडखळू लागतो आणि मग पराभवाचे खापर नेटवर्कवर फुटते.

शुल्काबाबत माझे मत स्पष्ट आहे : घेऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी जो कायदा संमत केला त्यात पैसे भरून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे. ई-स्पोर्ट्सना त्यात वेगळे स्थान दिलेले असले तरी त्यासाठी मान्यता आणि नोंदणी लागते, आणि गल्लीतल्या मंडळाने त्या वाटेला जाण्याचे कारण नाही. मंडळाच्या वर्गणीतून एक ढाल आणि काही पुस्तके द्यावीत. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धांत हाच खेळ प्रात्यक्षिक प्रकार म्हणून खेळवला गेला होता, हेही ज्येष्ठांच्या कानावर घालावे. त्याने बोलणे थोडे सोपे होते.

आपल्या पहिल्या प्रश्नाविषयी एवढेच म्हणेन की एक क्राउन पुढे असताना दुसऱ्या टॉवरची हाव कशासाठी? १–० हा पूर्ण विजय आहे. उरलेला वेळ बचाव करावा.

---

सुरपाणी_धुळे :

भाऊ, शेवटच्या मुद्द्यावर मी सहमत नाही. २.६ च्या डेकसमोर केवळ बचाव करत बसलात तर त्याला सर्व एलिक्झर हल्ल्यावर खर्च करण्याची मोकळीक मिळते आणि दर १४ सेकंदांनी येणारा हॉग प्रत्येक वेळी एक-दोन फटके मारून जातो. शिवाय तुम्ही टॉवर पाडता तेव्हा त्याचा किंग टॉवर जागा होतो आणि त्याची तोफ बचावाला मिळते, तर तुम्हाला पडलेल्या टॉवरच्या बाजूला नदीपलीकडे सैनिक उतरवण्याची जागा मिळते. ती जागा वापरा. बचावातून वाचलेल्या मिनी पेक्काच्या जोडीला मिनियन्स तिथे उतरवले तरी त्याला लॉग आणि आइस गोलेमऐवजी मस्केटियर खर्च करावी लागते आणि पुढचा हॉग लांबतो. नवा जायंट मात्र तेव्हा नको. पाच एलिक्झर एकदम गुंतवण्याची ती वेळ नव्हे.

---

तापीकाठ_रावेर :

ताई आणि भाऊ, दोघांचेही मनःपूर्वक आभार. नियमांचा मसुदा आजच मंडळापुढे ठेवतो. शुल्काचा विषय बहुधा तेथेच मिटेल. एक शंका उरते. कॅनन घेतला आणि समोरच्याने हॉगसोबतच त्यावर फायरबॉल टाकला, तर मिनी पेक्का लगेच खर्च करावा की टॉवरला काही फटके बसू द्यावेत?

---

सुरपाणी_धुळे :

हॉग आणि फायरबॉल मिळून त्याचे आठ गेलेले असतात. त्या क्षणी मिनी पेक्का टाकाच, आणि हॉग मेल्याबरोबर दुसऱ्या बाजूला पुलावर जायंट सोडा. तुमचे कॅननचे तीन आणि मिनी पेक्काचे चार असे सातच गेलेले आहेत, म्हणजे एकाची आघाडी तुमच्याकडे आहे आणि त्याचा फायरबॉल हातात नाही. मस्केटियर मागे लावण्यासाठी याहून चांगली संधी तो डेक क्वचितच देतो. फक्त त्याने पुढचे चार पत्ते टाकले का हे मोजत राहा, कारण त्यानंतर फायरबॉल पुन्हा त्याच्या हातात आलेला असेल.