जागा किती वाढेल ते राहू द्या, महिन्याला किती भरायचं ते बोला

पाटील सचिव: आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासाची बिल्डरची सुधारित ऑफर वर टाकली आहे. जादा कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा) २५ टक्के. सभेआधी प्रश्न इथेच विचारा. गुड मॉर्निंगची फुलं कृपया चार दिवस नकोत 🙏

कदम बी-६: बोरिवलीत ४० टक्के देतायत. आपल्याला २५ च का?

केळकर सी-२: कदम, पार्ल्याची बोरिवलीशी तुलना नको. आपण विमानतळाच्या फनेलमध्ये, म्हणजे विमानं चढण्या-उतरण्याच्या पट्ट्यात येतो. उंचीची मर्यादा आली की एफएसआय (भूखंडावर किती बांधता येतं ते प्रमाण) कागदावर असूनही मजले चढत नाहीत. विकायला घरं कमी, म्हणून ऑफरही कमी. आपला खरा आधार मुंबईच्या विकास नियमावलीतला ३३(७)(ब): जुन्या बांधकाम क्षेत्राच्या १५ टक्के किंवा दर सदनिकेमागे १० चौ. मीटर, जे जास्त असेल ते प्रीमियम न भरता मिळतं. आपल्यासारख्या लहान घरांना १० मीटरवालं, म्हणजे १०७ फूट, फायद्याचं. पण ते बांधकाम क्षेत्र आहे, कार्पेट नव्हे.

केळकर सी-२: आणखी एक. ऑफरमध्ये रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातलं कार्पेट लिहिलंय. त्यात आतल्या भिंती धरतात. आपलं ४१० फुटांचं जुनं मोजमाप भिंती सोडून आहे. म्हणजे २५ मधले तीन-चार टक्के भिंतीच खाणार. जुनं आणि नवं एकाच पद्धतीने मोजून पीएमसीची (प्रकल्प सल्लागाराची) सही घ्या.

देशपांडे काका ए-१: मला जागा वाढून नको आहे. नव्या इमारतीत मेंटेनन्स किती येईल, तेवढं कुणीतरी सांगा. पेन्शन वाढत नाही.

शिंदे वहिनी बी-११: काका, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) सेवाशुल्क सगळ्या घरांना सारखं बसतं, क्षेत्रफळावर नाही. वॉचमन, जिन्यातले दिवे, हाउसकीपिंग: तुमच्या वन बीएचकेला आणि वरच्या थ्री बीएचकेला एकच आकडा. लिफ्टचंही तसंच. त्यावर सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव शिल्लक), बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. दुरुस्ती निधी पाऊण टक्का. ६०० फूट बांधकाम, ३,५०० रुपये दर धरा: २१ लाख. एक टक्का म्हणजे वर्षाला २१,०००, महिन्याला १,७५०. वॉचमनला अजून एक पैसा दिलेला नाही.

कदम बी-६: बापरे

शिंदे वहिनी बी-११: शिवाय आपण ३२, विक्रीची घरं घेणारे नवे सभासद ३६ येणार. उद्या क्लबहाऊसला एसी बसवायचा ठराव आला तर बहुमत त्यांचं. म्हणून खर्च आज नकाशातच कापायचा. स्विमिंग पूल नको. पझल किंवा टॉवर पार्किंग टाळता येत नसेल तर त्याला वेगळा मीटर घ्या आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा खर्च) फक्त गाडीवाल्यांच्या पार्किंग शुल्कातून वसूल होईल असं लिहून घ्या. नाहीतर गाडी नसलेले काका दुसऱ्यांच्या गाड्या वर-खाली करायचं बिल भरतील.

कुलकर्णी सी-७: मालमत्ता कराचं विसरू नका! मुंबईत ५०० चौ. फूट कार्पेटपर्यंतच्या घरांना २०२२ पासून कर माफ आहे. ४१० वर २५ टक्के म्हणजे ५१२. बारा फुटांसाठी माफी जाते, कायमची.

केळकर सी-२: बरोबर. ज्यांना हवं त्यांनी ४९५ घ्यावं, उरलेल्या फुटांचे पैसे कॉर्पसमध्ये (बिल्डर सभासदाला देतो त्या एकरकमी रकमेत). हा पर्याय नकाशे पालिकेत जाण्याआधीच द्यावा लागतो, नंतर भिंत सरकत नाही. पालिका कोणतं कार्पेट धरणार हे पीएमसीकडून लेखी घ्या, अंदाजावर ४९९ करू नका.

शिंदे वहिनी बी-११: कॉर्पस हातात आला की फर्निचरमध्ये जातो. सोसायटीच्या सामाईक खात्यात टाकला तर व्याज नव्या सभासदांच्याही कामी येतं. जुन्या सभासदांच्या नावे ठेव ठेवा. ८ लाख, सात टक्के, महिन्याला साधारण ४,६६०. मेंटेनन्समधली वाढ बरीचशी यातूनच भागेल. निम्मा कॉर्पस घर रिकामं करण्याआधी मागा. सगळा ओसीवर (भोगवटा प्रमाणपत्रावर) ढकलला तर बिल्डर अडकला की तोही अडकतो.

जोशी काकू ए-८: आमच्याकडे येणाऱ्या मावश्या, वॉचमन, कुरियरवाली मुलं यांच्यासाठी तळमजल्यावर संडास कुठे दाखवलाय? मला नकाशात दिसला नाही.

केळकर सी-२: नाहीच आहे, काकू. मीटर रूमशेजारी बसतो. लिफ्टही एक तरी स्ट्रेचर आडवा मावेल अशी हवी, रॅम्प १:१२ चा.

कदम बी-६: आणि खालची गिरणी? तिचं भाडं सोसायटीला येतं, आणि इथे जवळ दुसरी उरलेली नाही.

केळकर सी-२: ठेवायची तर बेडरूमखाली नको, थरथर वरपर्यंत जाते. रस्त्याकडच्या कोपऱ्यात, वेगळ्या पायावर, थ्री-फेज जोडणीसकट. दुकानाचं बंद काळातलं भाडंही करारात घाला.

पाटील सचिव: कायद्याचं सांगतो. सहकार कायदा ७९(अ), ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय: दोन तृतीयांश कोरम, एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांची मान्यता. हजर असलेल्यांच्या नव्हे. विकासक निवडीच्या सभेला निबंधकांचा अधिकारी आणि व्हिडिओ चित्रीकरण. प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी, यावर बिल्डर घासाघीस करणारच, सोडायची नाही. सहा महिन्यांच्या नोटिशीचा जो फॉरवर्ड फिरतोय तो म्हाडा कायद्याच्या ७९-अ चा आहे, उपकरप्राप्त (म्हाडाला दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींसाठी. आपल्याला लागू नाही, कृपया डिलीट करा.

देशपांडे काका ए-१: बांधकाम होईपर्यंतच्या भाड्याचं? गल्लीत तीन इमारती एकदम रिकाम्या होतायत, भाडी चढलीत.

शिंदे वहिनी बी-११: पहिल्या वर्षाचं एकरकमी, पुढचे धनादेश आगाऊ, दरवर्षी दहा टक्के वाढ, दलाली आणि सामान हलवणं दोन्ही वेळचं. मुदत 'ताबा मिळेपर्यंत' लिहायची, '३६ महिने' नाही.

पाटील सचिव: वहिनी, हे सगळे मुद्दे कलमवार लिहून उद्यापर्यंत टाका. पीडीएफच, वर्ड फाइल काकांच्या फोनवर उघडत नाही.