परराष्ट्र संबंध शिकायचेत? आधी टपालाचे दर बघा

पोस्टकार्ड: आंतरराष्ट्रीय संबंध म्हटलं की शिखर परिषदा आणि हस्तांदोलनाचे फोटो. माझ्या मते देशांचे संबंध राजकारणाबाहेरही घडतात, म्हणून सुरुवात टपालापासून करावी. परदेशातून आलेलं पाकीट शेवटच्या दारापर्यंत पोचवायचा खर्च कोणी सोसायचा? प्रश्न अगदी कारकुनी. पण १८७४ पासून चालत आलेल्या जागतिक टपाल संघात यावरून मोठी जुंपली. जुन्या दरपत्रकात चीन विकसनशील, म्हणून सवलत. चिनी दुकानदाराचं छोटं पार्सल घरपोच करताना अमेरिकी टपालखात्याचा खर्चही निघेना. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने संघ सोडायची नोटीसच दिली, पुढच्या सप्टेंबरात जिनिव्हात तडजोड झाली. 'विकसनशील' कोणाला म्हणायचं हे मला त्या पाकिटाने जितकं शिकवलं, तितकं एकाही भाषणाने नाही.

खडूस वाचक: नोटीस दिली कोणी? सरकारनेच ना! मग हे राजकारणाबाहेरचं कसं? 'सरकारं नाही, लोकांची मैत्री देश जोडते' म्हणणाऱ्यांचं लाडकं उदाहरण पिंगपाँग, म्हणजे टेबल टेनिस. एप्रिल १९७१, जपानमधलं नागोया. अमेरिकी खेळाडू ग्लेन कोवन चिनी संघाच्या बसमध्ये चढला, चिनी खेळाडू ज्वांग झेडाँगने त्याला रेशमी कापडावरचं डोंगराचं चित्र दिलं. छान गोष्ट. पण अमेरिकी संघाला चीनमध्ये बोलवायचं हे शेवटी तिथले सर्वोच्च नेते माओंनी ठरवलं, आणि दोन्ही सरकारांचे पाकिस्तानमार्फत गुप्त निरोप आधीपासूनच चालू होते.

पोस्टकार्ड: निरोप होते, मान्य. पण त्या बसमध्ये अमेरिकी माणसाशी बोलणं जोखमीचं होतं, तरी ज्वांग उठला. माओंना होकार द्यायला निमित्त मिळालं ते त्यामुळे.

रिकामटेकडी: आफ्रिकेतलं मोझांबिक कसं विसरलात? तिथल्या यादवीतल्या दोन्ही बाजूंना रोममध्ये बसवलं ते सांत एजिदियो या कॅथलिक मंडळाने. दोन वर्षं बोलणी, ४ ऑक्टोबर १९९२ ला करार. त्यांच्याकडे ना सैन्य, ना तिजोरी. (कदाचित म्हणूनच दोघांनाही चालले.)

खडूस वाचक: आणि करार टिकवायला शांतिसेना पाठवली कोणी? संयुक्त राष्ट्रांनी. भूसुरुंगबंदीचंही तेच. नागरी संघटनांनी रेटा लावला, १९९७ मध्ये करार झाला, नोबेलही मिळालं. अमेरिका, रशिया, चीन, भारत मात्र बाहेरच.

रिकामटेकडी: बाहेर राहूनही भारत त्या कराराच्या बैठकांना निरीक्षक म्हणून जातो. कशाला जातो, सांगा की.

खडूस वाचक: हं. हा मुद्दा बरा आहे. पण टपाल हे राजकारणच, यावर मी अजून ठाम आहे.