मदत हवी आहे: बाहेर बर्फ, घरात पावाचं पीठ फुगेना

मंडळी, तातडीचं काम आहे, म्हणून थोडक्यात लिहायचा प्रयत्न करतो. (जमणार नाही, ठाऊक आहे.)

आम्ही अमेरिकेतल्या बफेलोच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्कच्या बाजूला राहतो. काल रात्रीपासून ईरी तलावाचा बर्फ चालू आहे. हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: तलाव अजून गोठलेला नाही. त्यावरून गार वारा आला की तो वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर एका चिंचोळ्या पट्ट्यात बर्फ ओततो. तो पट्टा आत्ता आमच्या डोक्यावर ठाण मांडून बसलाय. उत्तरेला राहणारा मित्र लख्ख उन्हाचे फोटो पाठवतोय, त्याला नंतर बघून घेईन. गाड्या बाहेर काढायला बंदी आहे. बायको हॉस्पिटलात ड्यूटीवर होती, ती तिथेच अडकली. घरात मी, दोन पोरं आणि कोल्हापूरहून आलेली आई.

बर्फाचा इशारा आला की इथल्या दुकानांतून ब्रेड, दूध आणि अंडी सगळ्यात आधी उडतात. मी पोचलो तेव्हा ब्रेडची फळी झाडून पुसून मोकळी होती. आईने मटकी भिजत घातली होती. ओव्हनचा नुसता दिवा लावून, फडक्यात बांधून आत ठेवली, तर इतक्या गारठ्यातही झकास मोड आलेत. म्हणजे मिसळ नक्की. राहिला पाव, तो घरीच करू म्हटलं.

प्रमाण असं घेतलंय: ब्रेडचा मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध ३२० मिली, साखर ३० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, लोणी ४० ग्रॅम आणि सुक्या यीस्टचं ७ ग्रॅमचं एक पाकीट. दाणेदार यीस्ट, झटपटवालं नाही. पाकिटावरची तारीख मागच्या ऑगस्टची आहे. आईने परातीत चांगलं दणकून मळून दिलं, वर ओला पंचा टाकला. दीड तास होऊन गेला, पीठ होतं तसंच. बोट दाबलं तर गार आणि घट्ट लागतंय. घरात थर्मोस्टॅट ६४ वर आहे, म्हणजे आपलं १८ सेल्सियस धरा.

तर यीस्ट मेलंय की नुसतं झोपलंय? कसं ओळखायचं? आणि मेलं असेल तर एवढ्या पिठाचं करू काय? आई म्हणते, "भाकरी थापते की, मिसळीसंगं काय वंगाळ लागती का!" पण पोरं पावावर अडून बसली आहेत.

कोथिंबीर
घाबरू नका आणि अजिबात फेकू नका. लिंबाएवढा गोळा तोडून कोमट पाण्याच्या ग्लासात टाका. आधी तळाला जाईल. वीसेक मिनिटांत वर तरंगला तर यीस्ट जिवंत आहे. तारखेचं म्हणाल तर बंद पाकीट कोरड्या जागी असेल तर बरेचदा पुढेही चालतं.

जुना_पापी
दाणेदार यीस्ट आधी कोमट पाण्यात भिजवलं होतं का? तसंच पिठात टाकलं असेल तर त्याला जागं व्हायला वेळ लागतो. आणि एक सांगा, मैद्याची पिशवी ठेवता कुठे?

धागाकर्ता
भिजवलं नव्हतं, पाकिटातून थेट पिठात. पीठ गॅरेजमध्ये असतं, घरात जागा नाही. का?

जुना_पापी
तिथेच घोडं पेंड खातंय! तुमच्या गॅरेजात आत्ता गोठणबिंदूच्या आसपास असणार. अर्धा किलो बर्फासारखं पीठ, त्यात स्टीलची गार परात. कोमट दूध ओतल्या ओतल्या निवलं असणार. वर स्वयंपाकघर १८ वर. पीठ २६-२७ अंशांना असेल तर यीस्ट खुशीत काम करतं. त्याखाली दर आठ-दहा अंशांना त्याचा वेग साधारण निम्मा होतो असं धरून चाला. म्हणजे पाककृतीत 'एक तास' लिहिलंय तो तुमच्या घरचा तास नव्हे. घड्याळ भिंतीवर राहू द्या, पीठ दुप्पट झालं की नाही तेवढं बघा.

आणि मटकीला मोड आले ना? मग तिला ओव्हनमधून उठवा आणि परात आत सारा. दिवा चालू, ओव्हन बंद. खालच्या फळीवर कढत पाण्याचं भांडं ठेवा, ऊबही मिळेल आणि ओलही. हिवाळ्यात घर तापवणाऱ्या भट्टीच्या हवेने घर इतकं कोरडं होतं की पिठावर पापुद्रा धरतो, मग ते फुगायला बघतं पण कातडं सोडत नाही.

कोथिंबीर
+१. फक्त ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी चिकटवा, 'आत पीठ आहे'. घरात कोणीतरी हमखास ओव्हन तापवायला लावतं. पंच्यासकट.

स्लाईसप्रेमी
अवांतर: आई कोल्हापूरच्या आणि मिसळीला पाव? तिकडे स्लाईस असतो हो! त्याच पिठाचा लोफ टाका.

पुणेरी_पण_नम्र
झालं सुरू. मिसळीला पावच.

धागाकर्ता
आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर हाय त्याचं." पण आता पावच, कारण घरात मतदान झालं.

गोळा तरंगला! पंचवीस मिनिटं लागली, पण आला वर. परात ओव्हनमध्ये गेली आहे. चिठ्ठी पोरीने लिहिली, त्यावर कवटीही काढली आहे.

आता मधल्या वेळात आई कटाला बसली आहे. कांदा आणि सुकं खोबरं गॅसवर थेट भाजून, लसूण, धणे, तीळ, आणि तिने बॅगेतून आणलेला कांदा-लसूण मसाला. फरसाण संपलंय, त्यामुळे बेसन भिजवून सोऱ्याने शेव पाडायची ठरली. लिंबू नाही, चिंचेचा कोळ घालू. पुढचा प्रश्न: दिवे दोनदा मिचमिचले. ओव्हन विजेवरचा, शेगडी गॅसची. वीज गेलीच तर पाव कशात भाजू?

बफेलोतलीच
आधी पावाचं नाही, जिवाचं सांगते. भट्टीचे आणि गॅसच्या गीझरचे पाइप भिंतीतून बाहेर निघतात ना, ते बर्फाने बुजलेत का बघा आणि मोकळे करा. बुजले तर कार्बन मोनॉक्साइड घरात परततो, त्याला वास नसतो. अलार्मची बॅटरी तपासा. वीज गेली तर घर गरम करायला शेगडी पेटवून ठेवायची नाही, आणि कोळशाची बार्बेक्यू आत आणायची नाही. २०२२ च्या नाताळातलं वादळ मी इथे काढलंय. कितीतरी घरांत दिवस-दिवस वीज नव्हती.

शेगडीवर स्वयंपाक करायला हरकत नाही. वीज नसताना बर्नर काडीने पेटवता येतात बहुतेक शेगड्यांवर, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. पाव जाड बुडाच्या कढईत होतात. तळाला जाड मीठ, त्यावर स्टँड, झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं तापवा, मग पावांचं ताट आत. मंद आचेवर अर्धा तास धरा. वरून रंग येणार नाही, तेवढं चालवून घ्या.

धागाकर्ता
ताई, खरंच आभार. मागच्या बाजूचा पाइप निम्मा बुजला होता. अंगणाच्या काचेच्या दारापाशी बर्फ माझ्या कमरेएवढा, दार उघडेना. शेवटी गॅरेजमधून फावडं घेऊन वळसा घालून गेलो. आता मोकळा आहे.

पीठ दुप्पट व्हायला अडीच वाजले. पुढे?

जुना_पापी
हवा काढा, साठ-साठ ग्रॅमचे गोळे करा, पंधरा होतील. ९ बाय १३ इंचाच्या ट्रेला लोणी चोपडून तीनच्या पाच ओळी. बोटभर अंतर ठेवा, फुगून एकमेकांना चिकटले पाहिजेत. लादी तशीच होते, बाजू मऊ राहतात त्या यामुळेच. पुन्हा दिव्याखाली पाऊण तास. मग ट्रे बाहेर काढून ओव्हन ३७५ फॅरनहाइटला तापवा, वरून दुधाचा हात फिरवा, अठरा ते वीस मिनिटं. निघाल्या निघाल्या लोणी लावून फडक्याने झाका, नाहीतर कवच कडक होतं.

धागाकर्ता
झाले! वीज टिकली. मधल्या ओळीचे कापसासारखे, कडेचे खालून जरा जास्त लाल झालेत, ते आईने मागून घेतले ("खरपूस हायेत, मला हेच द्या"). शेव जाड पडली, सोऱ्याची चकती चुकीची लागली होती, पण कटात पडल्यावर कोण बघतंय. बायकोला फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, 'माझे चार बाजूला काढ.' ते डब्यात गेलेत.

आता उरलेल्यांचं विचारतो: उद्यापर्यंत ओट्यावर ठेवू की फ्रीजमध्ये?

कोथिंबीर
फ्रीजमध्ये मुळीच नको, तिथे पाव लवकर शिळा आणि कडक होतो. उद्या खायचे असतील तर बंद डब्यात ओट्यावर, त्यापुढचे फ्रीझरमध्ये. खाताना ओलसर फडक्यात गुंडाळून गरम करा. आणि पीठ आदल्या रात्री घरात आणून ठेवत जा.

स्लाईसप्रेमी
कटाचं नीट प्रमाण वेगळ्या धाग्यात टाका, आईंना विचारून. 'अंदाजाने' चालणार नाही.

धागाकर्ता
विचारलं. "अंदाजानंच" म्हणाली. उद्या शेजारी काटा घेऊन उभा राहतो.