कारखान्याच्या नेटवर्कवर नक्की काय काय जोडलंय ते शोधायचंय, डिस्कव्हरी आणि मॉनिटरिंगला काय लावू?

काटा_ऑनलाइन:
नमस्कार मंडळी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात आयटी बघतो. सध्या ऑफ सीझन आहे, ओव्हरहॉलिंग चालू आहे, त्यामुळे नेटवर्कला हात घालायचा तर आत्ताच, एकदा बॉयलर अग्निप्रदीपन झालं की मग कुणी स्विचला बोट लावू देत नाही आणि ते बरोबरही आहे.
अडचण अशी की नेटवर्कचा नकाशा कुणाकडेच नाही. वर्षानुवर्षं जशी गरज पडली तशी केबल ओढत गेलेत. वजनकाटे, शेतकी, अकाउंट, टाइम ऑफिस, स्टोअर, डिस्टिलरी, को-जन (कारखान्याचं वीजघर), सीसीटीव्ही, सगळं १०.१०.०.० /१६ या आयपी पत्त्यांच्या एकाच रेंजमध्ये. मॅनेज्ड स्विच (ज्यांना नेटवर्कवरून माहिती विचारता येते) दहाबारा असतील, बाकी टेबलाखाली साधे आठ पोर्टवाले किती आहेत ते कुणालाच सांगता येत नाही. गट ऑफिसं बाहेर आहेत, तिथं सिमवाले राउटर. इन्स्ट्रुमेंटवाले म्हणतात की डीसीएसची (प्लांट चालवणाऱ्या कंट्रोल सिस्टिमची) एक केबल रिपोर्टसाठी कोअर स्विचला जोडलेली आहे, पण कुठल्या पोर्टला ते त्यांनाही ठाम सांगता येत नाही.
मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, मॉनिटरिंगच्या फुकट सॉफ्टवेअरपैकी झॅबिक्स लावू की लिब्रेएनएमएस? विकतचं मिळणार नाही, बोर्डापुढे तो विषय नेण्यात अर्थ नाही. दोन, एनमॅपने (प्रत्येक पत्ता तपासणाऱ्या स्कॅनरने) अख्खी रेंज एका रात्रीत स्कॅन करून यादी काढली तर चालेल का? सीझनमध्ये काटा बंद पडला की अर्ध्या तासात उसाच्या वाहनांची लाइन रस्त्यावर येते, म्हणून गळितापूर्वी हे नीट उभं करायचंय.

रॅक_आणि_राउटर:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. अख्खी रेंज स्कॅन करू नका. डीसीएसची केबल कुठं आहे ते कळेपर्यंत तर अजिबातच नको. जुन्या पीएलसीच्या (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) कम्युनिकेशन कार्डांना असल्या स्कॅनची सवय नसते, एकदम पोर्टमागून पोर्ट ठोठावले की कार्ड हँग होतं, हे मी एका प्लांटमध्ये समोर पाहिलंय, आणि मग पॉवर काढून परत देईपर्यंत ते उठत नाही. ऑफ सीझनमध्ये मिल बंद असली तरी को-जन किंवा डिस्टिलरी चालू असू शकते.
आणि तसंही पिंग मारून तुम्हाला पूर्ण यादी मिळणार नाही. विंडोजचा फायरवॉल पब्लिक प्रोफाइलवर असला की पिंगला उत्तरच देत नाही, म्हणजे अर्धे पीसी जिवंत असून यादीत नसतील, आणि /१६ म्हणजे ६५,५३६ पत्ते, त्यातले बहुतेक रिकामे.
उलट बाजूने जा. स्विचला विचारा. मॅनेज्ड स्विचकडे मॅक टेबल असतंच, कुठला मॅक (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता) कुठल्या पोर्टवर दिसतोय ते त्याला माहीत असतं. गेटवेच्या एआरपी टेबलमध्ये आयपी आणि मॅकची जोडी मिळते. ही दोन टेबलं एसएनएमपीने (नेटवर्कवरच्या यंत्रांना माहिती विचारायची पद्धत) वाचली आणि जोडली की कोणता आयपी कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवर बसलाय ते एकाही यंत्राला धक्का न लावता कळतं. मॅकच्या पहिल्या तीन बाइट्सवरून कंपनी कळते, म्हणजे कॅमेरा कोणता नि प्रिंटर कोणता त्याचाही अंदाज येतो. एका अॅक्सेस पोर्टवर सात-आठ मॅक दिसले की समजायचं तिथं टेबलाखाली साधा स्विच आहे. डीसीएसची केबलसुद्धा अशीच सापडेल. एक लक्षात ठेवा, स्विच साधारण पाच मिनिटं शांत राहिलेला मॅक विसरतो, म्हणून दिवसातून बऱ्याच वेळा वाचा, आणि शिफ्ट बदलताना नक्की वाचा. हे काम नेटडिस्को फुकटात करतं, त्याचा पोर्ट शोधायचा भाग मला सगळ्यात आवडतो.

पोलिंग_ताई:
वरच्यांशी सहमत, त्यात माझी भर. स्विच एकमेकांना कसे जोडलेत ते एलएलडीपीवरून (स्विच शेजाऱ्याला आपली ओळख सांगतो तो प्रोटोकॉल) मिळेल. ते ८०२.१एबी हे स्टँडर्ड आहे त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच असले तरी चालतं, फक्त बऱ्याच स्वस्त स्विचवर ते बंद असतं, आधी सगळीकडे चालू करून घ्या. सिस्को असेल तर सीडीपी हा त्यांचा तसाच प्रोटोकॉल आपोआप असतो.
लिब्रेएनएमएस इथं खूप कामाला येतं. एक कोअर स्विच हाताने घाला, ते त्याचे शेजारी बघून पुढचे स्विच स्वतः जोडत जातं. दोन सेटिंग मात्र लोक विसरतात. एक म्हणजे कुठल्या रेंजमध्ये शोधायचं ते सांगावं लागतं आणि कुठल्या वगळायच्या तेही सांगता येतं, तिथं डीसीएसचे पत्ते वगळलेल्या यादीत टाकाच. दुसरं म्हणजे डीएनएसमध्ये नाव नसेल तर ते डिव्हाइस घेत नाही, तुमच्याकडे डीएनएस धड नसणार असं धरून चालते, तर आयपीवरून घेण्याची परवानगी चालू करा. हे माहीत नसलं की माणसं म्हणतात डिस्कव्हरी चालतच नाही.
आणि एसएनएमपीची कम्युनिटी (म्हणजे त्याचा पासवर्डच) 'पब्लिक' ठेवू नका प्लीज. एसएनएमपीच्या व्ही२सी आवृत्तीमध्ये ती उघडी जाते, तुमच्यासारख्या सपाट नेटवर्कवर कुणीही वाचू शकतं. जिथं व्ही३ चालतं तिथं तेच लावा, एसएचए (ओळख पटवायला) आणि एईएस (एन्क्रिप्शनला) दोन्हीसकट. जुन्या स्विचवर व्ही२सी लागलंच तर फक्त वाचायचा हक्क द्या आणि यूडीपी १६१ वर फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्या आयपीलाच उत्तर मिळेल असा एसीएल (परवानगीचा नियम) टाका. व्ही१ नकोच. त्यात ६४ बिटचे काउंटर नाहीत, आणि ३२ बिटचा काउंटर गिगाबिट लिंक भरून वाहत असेल तर ३४ सेकंदांत गरकन फिरून शून्यावर येतो, तुम्ही पाच मिनिटांनी वाचणार, मग ग्राफ काहीतरीच दिसणार.

काटा_ऑनलाइन:
मस्त. स्कॅनचा विचार सोडला. पण मग झॅबिक्स नकोच का? आणि काट्याचं काय, तिथल्या पीसीला पिंग लावला की झालं ना?

गळीत_हंगाम:
नाही भावा, तिथंच तर गोची आहे. मी दोन कारखान्यांचं काम बघतो म्हणून सांगतो. काट्याचा इंडिकेटर सीरियल केबलने पीसीला जोडलेला असतो, तो नेटवर्कवर नसतोच. पीसी पिंगला व्यवस्थित उत्तर देत राहतो, मॉनिटरिंगच्या स्क्रीनवर हिरवं दिसतं, आणि तिकडं केबल सैल झाल्यामुळं वजन यायचं बंद झालेलं असतं. सॉफ्टवेअर हँग झालं तरी तेच. गाडीवान ओरडायला लागले की मग तुम्हाला फोन.
तुम्हाला बघायचंय ते हे की शेवटची वजन स्लिप किती मिनिटांपूर्वी झाली. ती वेळ डेटाबेसमध्ये असते. झॅबिक्समध्ये ओडीबीसीने (डेटाबेसला जोडायची पद्धत) एक साधी क्वेरी लावा, फक्त वाचायचा युजर करून, दर मिनिटाला. काट्यागणिक वेगळा आयटम. भरात गळीत चालू असताना पंधरा मिनिटांत एकही स्लिप नाही असं होतच नाही, झालं तर अलर्ट. क्लिनिंगसाठी मिल थांबते तेव्हा मेंटेनन्स पिरियड टाकायचा, नाहीतर रात्रभर फोन वाजत राहील आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी अलर्टकडं बघणार नाही. माझं मत विचाराल तर सगळ्या सिस्टिममध्ये ही एकच क्वेरी सगळ्यात मोलाची आहे, ग्राफबिफ नंतर.
म्हणून मी झॅबिक्स म्हणीन. गट ऑफिसांसाठीही तेच बरं. तिथं एखाद्या छोट्या मशिनवर झॅबिक्सची प्रॉक्सी (तिथला डेटा गोळा करून पाठवणारा प्रोग्रॅम) अॅक्टिव्ह मोडमध्ये ठेवा, ती स्वतःहून कारखान्याकडं १०,०५१ पोर्टवर कनेक्शन करते, म्हणजे सिमवाल्या राउटरला पब्लिक आयपी नसला तरी अडत नाही, फक्त कारखान्याच्या बाजूला पत्ता कायमचा हवा आणि मधे व्हीपीएन टाका. लाइन गेली तर प्रॉक्सी डेटा धरून ठेवते, पण डिफॉल्ट फक्त १ तास, ते वाढवून ठेवा.

रॅक_आणि_राउटर:
स्लिपवाला मुद्दा शंभर टक्के. मात्र एकटा माणूस असेल तर दोन्ही सिस्टिम एकदम उभ्या करू नका. आधी लिब्रेएनएमएस नाहीतर नेटडिस्कोवरून यादी आणि नकाशा पक्का करा, मग झॅबिक्समध्ये फक्त तेच घाला ज्यासाठी रात्री उठावंच लागेल: कोअर स्विच, काटे, सर्व्हर, यूपीएस, इंटरनेट. ऑफिसचे पीसी एकेक करून मॉनिटर करत बसू नका.
झॅबिक्समध्ये ट्रिगर डिपेंडन्सी लावा. यार्डातला स्विच गेला तर त्याच्या मागचे काटे, कॅमेरे सगळे गेले म्हणून वीस मेसेज येतात, डिपेंडन्सी असेल तर एकच येतो, आणि तोच खरा असतो.

पोलिंग_ताई:
यूपीएसला एसएनएमपी कार्ड घ्यायला मात्र बोर्डाकडून पैसे मागाच. लाइट गेली आणि बॅटरी किती मिनिटं उरली हे कळलं तर सर्व्हर नीट बंद करता येतो. आणि काट्याच्या केबिनमधल्या स्विचचं तापमान बघा, बगॅसचा भुसा आणि मळी-राखेची धूळ पंख्यात बसून स्विच तापतात, सेन्सर असेल तर आठवडाभर आधी चढण दिसते. यार्डापर्यंत फायबर असेल तर मॉड्यूलची आरएक्स पॉवरही (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) नोंदवा. सिंगल मोड गिगाबिटच्या साध्या मॉड्यूलला -१९ डीबीएमच्या खाली गेलं की भरवसा नाही. एका दिवसात धाडकन पडली तर जेसीबी, हळूहळू पडत असेल तर कनेक्टरमध्ये घाण किंवा वायर कुठंतरी दबलीय.

काटा_ऑनलाइन:
अलर्ट कसा पाठवू? इंटरनेटच गेलं तर टेलिग्राम, मेल काहीच जाणार नाही.

गळीत_हंगाम:
दोन वाटा ठेवा. आत जीएसएम मोडेम लावा, त्यातून थेट एसएमएस. बाहेर एखादं स्वस्त क्लाउड मशिन घ्या, कारखान्याचा सर्व्हर दर पाच मिनिटांनी त्याला 'मी आहे' सांगणार, सांगायचं थांबला की ते मशिन तुम्हाला कळवणार. मॉनिटरिंग सर्व्हरच बंद पडला तर ते सांगणारं बाहेर कुणीतरी हवंच.
आणि सगळ्या स्विचची, सर्व्हरची घड्याळं एका एनटीपीवर (वेळ देणाऱ्या सर्व्हरवर) आणा. सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशात एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपीशी वेळ जुळवणं आणि १८० दिवसांचे लॉग ठेवणं दोन्ही सांगितलंय, त्यामुळं सिसलॉगसाठी (सगळ्यांचे लॉग एका जागी साठवायला) डिस्क आत्ताच मोठी मागा. डीसीएसची केबल सापडली की उपटू नका हं, आधी इन्स्ट्रुमेंटच्या साहेबांना सोबत घेऊन वेंडरला फोन लावा, मग मधे फायरवॉल टाकून फक्त रिपोर्टपुरता एक पोर्ट उघडा.