मदत हवी आहे: डायलिसिसच्या वेळी आईला ऐकवायला अभंग

मंडळी, आईचं (वय ६८) डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. दर मंगळवारी नागपूरच्या टेकडी गणपतीला जाणारी बाई आता देव्हाऱ्याकडे पाठ करून बसते. "त्याला ऐकूच येत नाही रे," म्हणते. प्रवचनं लावून पाहिली. पाचव्या मिनिटाला इअरफोन काढून चादरीवर ठेवले. (समजावणारे पाहुणे तर नकोच बाप्पा.) मोतीबिंदूमुळे वाचवत नाही.

परवा मात्र तुकोबांचं देवाशी भांडण ऐकून खुदकन हसली. १६३०च्या दुष्काळात बायको-पोर गमावलेला माणूस, त्याचं तिला पटत असावं. तर देवावर रुसणारे, तरी त्याला न सोडणारे आणखी कोणते अभंग सुचवाल? आणि धरमपेठेत संध्याकाळी घरी येऊन अर्धा तास म्हणणारं एखादं भजनी मंडळ आहे का?